कोरड्या पायरीच्या खाली

आमच्या घरात एक नियम होता. मुलींनी बावखलाच्या कोरड्या पायरीखाली उतरायचं नाही. आणि का, असं विचारायचं नाही. विचारलं की आबा पानाचा डबा उघडायचे. डबा उघडला की विषय बंद.

बावखल म्हणजे काय ते आधी सांगून टाकते. नाहीतर विरारला नवीन राहायला आलेली मंडळी चहा पिता पिता मान डोलावतील आणि घरी जाऊन एकमेकांना विचारतील. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. विहिरीपेक्षा पसरट, तलावापेक्षा लहान. आगाशीला आमची वाडी आहे, केळी, नारळ, चाफा, अळू, सगळं त्याच पाण्यावर. एका बाजूला उतरायला दगडी पायऱ्या.

आता नियमाची गंमत बघा. पावसाळ्यात पाणी चढलं की कोरडी पायरी म्हणजे अगदी वरची. मे महिन्यात पाणी तळाशी गेलं की त्याच मुलींना पार खालपर्यंत जायची मुभा. म्हणजे आमच्या नियमालासुद्धा भरती-ओहोटी होती. जिथे पाणी असेल तिथे आपण नसायचं, एवढंच लक्षात ठेवायचं.

मुलग्यांचं वेगळं. माझा धाकटा भाऊ नितीन पुरता शाळेतही रुळला नव्हता, तेव्हा आबांनी त्याला पायरीवर उभं केलं. दोन सुके नारळ, न सोललेले, सोडणासकट, सुंभाने जोडले, ते काखेखालून त्याच्या पाठीला बांधले आणि मागून दिलं ढकलून. तो रडला, पाणी प्यायला, आबांना नको ते बोलला आणि संध्याकाळपर्यंत बेडूक झाला. मी काय करत होते? कोरड्या पायरीवर त्याचा टॉवेल धरून उभी होते. मी मोठी ना. टॉवेल धरायला घरातलं मोठंच माणूस लागतं.

तर अशी मी, आगाशीची, समुद्र सायकलच्या अंतरावर आणि बावखल स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारं, आणि पोहण्याच्या नावाने भोपळा. हे सगळं गुपचूप चाललं असतं. पण कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना एनसीसीच्या सरांनी विचारलं, "समुद्रावरच्या शिबिराला कोण येणार? पोहता येतं त्यांनीच हात वर करा."

माझा हात वर गेला. मी केला नाही हो, तो गेला. मुलगे सगळे वर करून बसले होते आणि मुलींच्या बाकांवर एकही हात नव्हता. अशा वेळी माझा हात मला विचारत नाही.

"कुठली तू?" सरांनी विचारलं.

"आगाशी."

"मग प्रश्नच नाही. पुढच्या सोमवारी तलावावर सगळ्यांनी एकदा पोहून दाखवायचं, की नावं पक्की."

शेजारी फिलोमिना बसली होती. आमच्या पलीकडच्या वाडीतली, पहिलीपासूनची मैत्रीण. तिने बाकाखालून माझ्या नडगीवर अशी लाथ घातली की आजही थंडीत ठणकते.

"तुला पोहता येतं?"

"सोमवारपर्यंत येईल," मी म्हटलं.

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? शिबिराला जायचंच होतं मला. आयुष्यात पहिल्यांदा घरापासून लांब, होडी वल्हवायची, आणि रात्री आठच्या आत घरात, असं म्हणायला कोणी नाही. त्यासाठी फक्त पोहायचं होतं. आणि घरात गावातला सगळ्यात जुना पोहणारा बसला होता, पान खात.

मी सरळ विचारलं. "आबा, मला पोहायला शिकवा."

डबा उघडला.

बाबांना विचारलं, तर "आबांना विचार." आईला विचारलं, तर "बाबांना विचार." राहिली नमूआत्या. आबांची मुलगी, लग्न न झालेली, पन्नाशीला आलेली, सगळी वाडी आणि सगळं घर जिच्या मनगटावर चाललेलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "कशाला हवीत ती शिबिरं? घरात कामं कमी आहेत?" आणि मग, विळीवरून मान वर न करता, "तिथे मुली सगळ्या उतरतात पाण्यात?"

"सगळ्या."

"आणि बघणारे काही म्हणत नाहीत?"

"बघणारेही पाण्यातच असतात, आत्या."

भेंडी जरा जास्तच बारीक चिरली गेली.

मग मी शिकलेल्या माणसाने करायचं तेच केलं. वाचनालयातून पुस्तक आणलं. पोहणं निम्मं जमिनीवरच शिकता येतं, असा त्या लेखकाचा दावा होता. उपाय अगदी सोपे. स्टुलावर पोटावर पडायचं, हात पुढे न्यायचे, गोल फिरवायचे, पाय बेडकासारखे झाडायचे. श्वासाच्या सरावासाठी बादलीत तोंड घालून बुडबुडे काढायचे. लेखक वाडीतल्या घरात राहत नसणार. आमच्याकडे दाराला कडी घातली की दोन मिनिटांत कोणीतरी विचारतं, आत कोण आजारी आहे का.

पहिल्याच दिवशी आत्या आत आली. मी स्टुलावर आडवी, चारही हातपाय हवेत, गाल फुगलेले.

"अगं बाई," आत्या म्हणाली. "वात धरला."

"आत्या, मी सराव..."

"बोलू नको. जीभ चावशील."

पुढचा अर्धा तास माझ्या पोटावर हिंगाचा लेप होता. आईने ओवा चावायला लावला. आबा दारात येऊन बघून गेले आणि म्हणाले, "रात्रीची जागून वाचते, दुसरं काय."

दुसऱ्या दिवशी मी मागच्या मोरीत बादलीत तोंड घालून बुडबुडे काढत होते. तेवढ्यात आई आली. तिला पाठ दिसली, थरथरणारे खांदे दिसले आणि गुडगुड आवाज ऐकू आला. तिने मला ओढून छातीशी धरलं. "एवढं मनाला लावून घेऊ नये गं. नाही पाठवलं शिबिराला म्हणून असं बादलीत तोंड घालून रडायचं?"

आता खरं सांगितलं असतं तर पुस्तक गेलं असतं. मी गप्प राहिले. गप्प राहिले म्हणजे रडत होते, हे पक्कं झालं. आणि त्या दिवसापासून मला घरात एकटं सोडणं बंद. मी उठले की आत्या उठायची. मी वाडीत गेले की आई हाक मारायची, "दिसतेस ना?" जेवायला रोज माझ्या आवडीचं. नितीनला सक्त ताकीद, ताईशी भांडायचं नाही. तो बिचारा इतका घाबरला की त्याने स्वतःहून मला खिडकीकडची जागा दिली. पोहणं राहिलं बाजूला, मी घरातली नाजूक रुग्ण झाले.

आणि रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी तलाव, सर आणि सगळे मुलगे.

दुपारी जेवणं झाली, घर आडवं झालं. आत्या माझ्या उशालाच पाळतीवर होती, पण पापलेटच्या जेवणापुढे पाळत किती टिकणार? ती घोरायला लागली तशी मी उठले.

मनात योजना पक्की होती. पुस्तक झालं, आता आबांची पद्धत. माळ्यावर गेले. तिथे नारळांचा हा ढीग, पण सगळे सोललेले, बाजाराचे. कोपऱ्यात गोणपाटावर मात्र दोन नारळ होते, सोडणासकट, गोल, देखणे, कोणीतरी जपून ठेवावेत असे. मला वाटलं, नशीबच उघडलं. ते कोणीतरी खरंच जपून ठेवले असतील, हा विचार माझ्या पदवीच्या डोक्यात आला नाही. आबा रोज संध्याकाळी माळ्यावर जाऊन एक नारळ कानाशी धरून हलवायचे, हे मी पाहिलं होतं. मला वाटायचं, वयाचा परिणाम.

कपड्यांचा प्रश्न होता. पंजाबी ड्रेसची सलवार पाण्यात फुगते, हे पुस्तकात नसलं तरी मला कळत होतं. दोरीवर नितीनची फुटबॉलची निळी चड्डी वाळत होती. ती घातली, वरून माझा जुना, गुडघ्यापर्यंतचा कुर्ता. चड्डीचं इलॅस्टिक गेलेलं होतं, त्याने तिथे नाडी ओवली होती. मी नाडीची छान सुरगाठ मारली. सुरगाठ कशासाठी असते? ओढली की सुटावी म्हणून. पण हे मला नंतर आठवलं.

फिलोमिना पायरीवर राखण करायला आली होती, ओंजळभर जांभळं घेऊन. ठरलं होतं असं की कोणी आलं तर तिने खोकायचं.

"नारळ काखेखाली बांधायचे ना गं?" मी विचारलं.

"माझा भाऊ छातीवर बांधायचा. की पाठीवर? पण घट्ट बांध."

"तुला स्वतःला पोहता येतं का?"

"मला सांगता येतं," ती म्हणाली आणि एक बी बावखलात थुंकली.

काखेखाली सुंभ बांधून पाहिलं, तर गुदगुल्या होतात आणि टोचतं. म्हणून मी ते कमरेला बांधलं. नारळ मागे आले, दोन बाजूंना दोन. बांधणारी मी, विचार करणारी मी. यात दुसऱ्या कोणालाही दोष नाही.

कोरडी पायरी आली. मी क्षणभर थांबले. एवढी वर्षं तिथेच थांबत आले होते, पायांना सवय झाली होती. मग उजवा पाय खाली टाकला. पाणी गार होतं, आणि पायरी शेवाळाने अशी मऊ की वाटावं कोणी गालिचा घातलाय. आभाळ काही कोसळलं नाही. केळीचं पानही हललं नाही. मी आणखी खाली गेले, कमरेपर्यंत, आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हात पुढे करून अंग पाण्यावर सोडून दिलं.

नारळांनी आपलं काम चोख केलं. शरीराचा जो भाग त्यांच्याशी बांधला होता, तो त्यांनी वर ठेवला. उरलेलं सगळं खाली गेलं.

तुम्ही कधी स्वतःच्या बुडाला लटकून पाण्यात डोकं खाली घालून राहिला आहात का? फार शिकायला मिळतं. मी स्टुलावरचे सगळे हात मारले. प्रत्येक हाताने डोकं आणखी खाली. बुडबुडे मात्र पुस्तकातल्यासारखे अगदी सुरेख निघत होते. पाय हवेत. हवेत पाय मारून कोणी पुढे गेलेलं नाही, पण मी मारत होते. वरून फिलोमिनाचा आवाज अस्पष्ट येत होता, "डोकं वर ठेव, डोकं वर ठेव." सल्ला शंभर टक्के बरोबर होता.

आता इकडे घरात काय झालं ते ऐका. मी पायरीवर सुंभ बांधत होते तेव्हाच आबांना जाग आली होती. ते माळ्यावर गेले. गोणपाट रिकामं.

ते दोन नारळ बियाणाचे होते. विहिरीजवळच्या जुन्या माडाचे. तो माड आता फळ धरत नव्हता, हे शेवटचे दोन. त्यांची रोपं करून आबांना ती बावखलाकाठी लावायची होती. शेजारच्या वाडीतलं बावखल भराव घालून बुजवलं होतं आणि तिथे बिल्डिंग उभी राहत होती. तेव्हापासून आबांनी हे धरून ठेवलं होतं, आमच्या बावखलाकाठी नवीन माड लागला पाहिजे.

"बियाणाचे नारळ गेले," आबांनी आवाज दिला. आत्या दचकून उठली, तर माझी चटई रिकामी. नारळही नाहीत आणि नाजूक मुलगीही नाही. आबा काठी घेऊन चोर शोधायला निघाले, आत्या आणि आई मला शोधायला निघाल्या, बाबा आणि नितीन नक्की काय शोधायचं ते न विचारता निघाले. वाडीत शोधायला जागा एकच. सगळे बावखलावर आले.

फिलोमिनाने खोकायचं होतं. तिला हसू इतकं फुटलं होतं की खोकायला श्वासच उरला नव्हता.

पुढचं संभाषण मला नंतर नितीनने सांगितलं. माझे कान तेव्हा पाण्याखाली होते.

आबा म्हणाले, "ते बघा, सापडले. पाण्यात टाकलेत मेल्याने."

बाबा म्हणाले, "त्यांच्या मधे काय आहे ते?"

नितीनने डोळे बारीक केले. "ताई आहे," तो म्हणाला. "ताईचा अर्धा भाग आहे."

तो पाण्यात उडी मारणार, तेवढ्यात माझ्या धडपडीत कमरेचं सुंभ घसरलं. कमरेवरून खाली, पायांवरून पार. मी लाथा झाडून सुटले, सुळकन फिरले, आणि पाय चिखलाला लागले. उभी राहिले. तोंडातलं पाणी थुंकलं, डोळ्यांवरचं शेवाळ काढलं. पाणी माझ्या कमरेच्या जरा वर होतं. एवढ्या पाण्यात मी मरत होते. समोर सगळं घर रांगेने उभं.

आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की सुंभ एकटं गेलेलं नाही. जाताना ते नितीनची चड्डी घेऊन गेलंय. सुरगाठ होती ना. मी हळूच मागे हात फिरवला. पाणी होतं, फक्त पाणी. पायांशी चाचपलं. चिखल. कुर्ता छत्रीसारखा वर तरंगत होता, तो मी दोन्ही हातांनी खाली दाबून धरला.

"वर ये," आबा म्हणाले.

मी काय सांगू शकत होते? बाबा आहेत, नितीन आहे, आबा आहेत. मी म्हणाले, "नाही."

आबांना आयुष्यात कोणी नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी पुन्हा म्हटलं, "वर ये मुकाट्याने."

"येणार नाही."

आणि एकदा नाही म्हटल्यावर माझं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कुर्ता मुठीत धरूनच मी सुरू झाले. "का येऊ? नितीनला तुम्ही ढकललंत, मला टॉवेल धरायला ठेवलंत. पाणी याला वेगळं आणि मला वेगळं आहे का? उद्या मला पोहून दाखवायचंय आणि आज मला बुडबुडे काढता येतात फक्त. मुलींनी कोरड्या पायरीखाली उतरायचं नाही, हे सांगितलं कोणी?"

"माझ्या आजोबांनी," आबा म्हणाले.

"आणि त्यांना?"

आबांचा हात खिशाकडे गेला. पानाचा डबा घरी राहिला होता. पहिल्यांदाच.

"त्यांना कोणी सांगितलं, आबा? आणि का?"

आबांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईकडे. आईने आत्याकडे. माहीत कोणालाच नव्हतं. मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा खाली. मला वाटलं, जिंकले. एका भाषणात अख्खं घर खाली बघायला लावलं.

मग माझ्या लक्षात आलं की ते खाली बघत नव्हते. ते माझ्या डावीकडे बघत होते.

मी वळून पाहिलं. वाऱ्याने बियाणाचे दोन नारळ हळूहळू पायऱ्यांकडे येत होते, जोडीने, पालखी आणावी तसे. आणि त्यांच्या मधोमध, सुंभात अडकून, दोन्ही पाय नीट पसरून, निळी चड्डी.

"माझी मॅचची आहे ती," नितीन पुटपुटला. बाबांनी त्याचं डोकं धरून दुसरीकडे वळवलं आणि स्वतःही वळले. आबांनी तर केळीकडे अशी पाठ केली, जणू घड मोजायचेच राहिले होते.

"नमू," ते पाठमोरेच म्हणाले, "तिला पंचा दे."

आबांच्या खांद्यावरचा पंचा घेऊन आत्या पायऱ्या उतरली. कोरड्या पायरीवर आली आणि थांबली. तिच्याही पायांना सवय होती, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षांची. मी तिथपर्यंत जाऊ शकत नव्हते, पंचा माझ्यापर्यंत येऊ शकत नव्हता. मग तिने लुगडं जरासं वर धरलं आणि पाय पाण्यात टाकला. घोटा, पोटरी, गुडघा, मग कंबर. माझ्यापर्यंत आली, पंचा माझ्याभोवती गुंडाळला, नीट खोचला. मला वाटलं, आता कानाखाली बसणार.

ती नुसती उभी राहिली. पायाची बोटं हलवत असावी, पाण्यावर लहान लहान वर्तुळं उठत होती.

"कसं गार धरतं गं पायांना," ती हळूच म्हणाली.

"झालं का?" आबा तिकडून म्हणाले. "या आता वर दोघी."

आत्या हलली नाही. मीही नाही.

"आधी शिकवा," मी म्हटलं. "मग वर येऊ."

नारळ पायरीला येऊन टेकले होते. आबा वळले, वाकले, त्यांनी ते उचलले, आणि तसेच कोरड्या पायरीवर बसून सुंभाची ओली गाठ सोडायला लागले. काखेखाली बांधण्याइतकं सुंभ मोकळं हवं, हे त्यांच्याशिवाय कोणाला माहीत असणार? फिलोमिनाचंसुद्धा हसू थांबलेलं.

आणि मी, पंचा गुंडाळून, कमरेएवढ्या पाण्यात, क्रांती करून उभी. पण खरं तेच सांगते. त्या दुपारी आबांच्या पद्धतीने पोहायला शिकून काठाला लागलेली एकच होती, आणि ती नितीनची चड्डी होती.